हजार-वीस, रिब आणि लग: माळव्यातली टायरखरेदी

ट्रकच्या धंद्यात गाडीची ओळख टायरांवरून सांगतात. सहा टायरी, दहा टायरी, बारा टायरी, चौदा टायरी. गाडी कुठल्या कंपनीची, हा प्रश्न नंतरचा. टायर मोजले की ती माल किती ओढेल, टोल किती भरेल आणि मालकाचा खिसा किती रिकामा करील, याचा अंदाज येतो. डिझेलखालोखाल ट्रकवाल्याचा मोठा खर्च टायरचाच. दहा टायरी गाडीचे सगळे टायर एकदम बदलायचे म्हटले, तर हिशेब दोन लाखांच्या आसपास जातो. म्हणूनच ढाब्यावर कोणी एखाद्या कंपनीचे कितीही गोडवे गायले, तरी दुकानात पैसे मोजताना वेगळ्याच गोष्टी ठरवत असतात.

त्या गोष्टी कोणत्या, हे पाहायला मुंबई-आग्रा रस्त्याचा माळव्यातला टप्पा सोयीचा आहे. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. आजचा महामार्ग देवासवरून इंदूरकडे येतो, मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार सोडतो आणि धार जिल्ह्यात घाट उतरून निमाडात जातो. मग धामनोद, खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा, बिजासन घाट आणि महाराष्ट्रातले शिरपूर, धुळे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. नव्या क्रमवारीत या टप्प्याला ५२ क्रमांक मिळाला. देवासहून माल भरून निघालेला ट्रक धुळ्याला पोहोचेपर्यंत त्याच्या टायरांना सपाट चौपदरी रस्ता, तीव्र उतार आणि निमाडचे ऊन हे सगळे सोसावे लागते. शेतातून किंवा खाणीतून माल उचललेला असेल, तर काळ्या मातीचा चिखल आणि अणकुचीदार दगडही.

या टप्प्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे टायर इथे नुसता झिजत नाही, तयारही होतो. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरची औद्योगिक वसाहत १९८०च्या दशकात वाहन उद्योगाने भरली. पुण्याच्या फिरोदियांची बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, इथे आली. कायनेटिक होंडाची स्कूटर इथेच तयार होत असे. आयशरचे ट्रक १९८६ पासून इथून बाहेर पडू लागले. २००८ मध्ये व्होल्वो आणि आयशर यांची भागीदारी झाली आणि कारखाना वाढत गेला. पीथमपूरलगतच्या खेडा इथल्या ब्रिजस्टोनच्या कारखान्यात १९९८ मध्ये टायरचे उत्पादन सुरू झाले. जपानच्या या कंपनीने भारतात पहिले पाऊल टाकले ते इथे; पुण्याजवळच्या चाकणचा तिचा कारखाना नंतरचा.

टायरच्या आत लपलेली एक वस्तूही इथलीच आहे. टायरची जी कड रिमला घट्ट धरून बसते, तिच्यात पोलादी तारेची वेटोळी असतात. तिला बीड वायर म्हणतात. ही तार तुटली तर टायर रिमवरून सुटतो, मग वरचे रबर कितीही चांगले असो. रबर नुसत्या पोलादाला चिकटत नाही, म्हणून तारेवर तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा पातळ थर चढवतात. पीथमपूरची राजरतन ग्लोबल वायर ही कंपनी अशी तार ओढते आणि देशातल्या मोठ्या टायर कंपन्यांना पुरवते. थायलंडमध्येही तिचा कारखाना आहे.

चाचणीची सोयही जवळच. नॅट्रॅक्स या सरकारी चाचणी केंद्रातल्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. अंडाकृती वळणाची ही धावपट्टी आशियातली सर्वांत लांब असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. केंद्रात ब्रेकच्या चाचणीसाठी, चढासाठी, आवाज मोजण्यासाठी आणि ओल्या जमिनीवर गाडी किती घसरते हे पाहण्यासाठी वेगवेगळे मार्ग आहेत. टायरविषयी दुकानात जे दावे केले जातात, ते मोजून पाहण्याची ही जागा.

आता दुकानात जाऊ. ट्रकवाल्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘हजार-वीस’. टायरवर १०.००-२० असे छापलेले असते. म्हणजे रुंदी सुमारे दहा इंच आणि रिमचा व्यास वीस इंच. वर्षानुवर्षे भारतीय ट्रकचा हाच नेहमीचा आकार होता. टायर, ट्यूब आणि ट्यूबला रिमपासून वाचवणारा फ्लॅप असा तिन्हींचा संच मिळतो. यातही दोन जाती. नायलॉन म्हणजे आत तिरकस, एकमेकांवर फुली मारत जाणारे दोऱ्यांचे थर. आणि रेडियल म्हणजे कडेपासून कडेपर्यंत सरळ गेलेल्या तारा आणि त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, पोलादाचे पट्टे.

नायलॉनची बाजू जाड आणि चिवट. दगडाला घासली, खड्ड्यात आपटली, मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तरी ती बराच काळ निभावून नेते. पण प्रत्येक फेऱ्यात तिचे थर एकमेकांवर घासतात, टायर तापतो, नक्षी लवकर जाते. रेडियल थंड चालतो, डिझेल वाचवतो, किलोमीटर जास्त देतो आणि त्यावर पुन्हा रबर चढवून तो परत वापरता येतो. त्याची बाजू मात्र पातळ. ती एकदा कापली की टायर भंगारात. मिशेलिन कंपनीने रेडियलचे पेटंट १९४६ मध्ये घेतले होते आणि भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला. मोटारींमध्ये तो सरसकट झाला. ट्रकवाल्यांनी मात्र त्याला दीर्घकाळ दारातच उभे केले होते. खराब रस्ते आणि ओव्हरलोड गाड्या अशा जोडीपुढे महागडा, नाजूक बाजूचा टायर परवडणार कसा? महामार्ग चौपदरी झाले, वजनकाट्यांवर तपासणी वाढली, तसे गणित फिरले. या शतकाच्या आरंभी ट्रकमध्ये अगदी तुरळक दिसणारा रेडियल आज नव्या गाड्यांवर नेहमीचा झाला आहे.

तरीही नायलॉन गेलेला नाही. धार जिल्ह्यातच मनावरच्या बाजूला चुनखडीच्या खाणी आहेत. खाणीतल्या डंपरला दिवसभरात थोडेच अंतर कापायचे असते, पण ते दगडांवरून. तिथे इंधनबचतीपेक्षा बाजू न फाटणे महत्त्वाचे, म्हणून नायलॉनला अजून गिऱ्हाईक आहे. याच जिल्ह्यातून सिमेंट किंवा सोयाबीनची पेंड घेऊन मुंबईच्या दिशेने जाणारा मालक रेडियल मागतो. एकाच दुकानात, एकाच दिवशी, दोघांचीही निवड योग्य असू शकते.

दुसरा प्रश्न नक्षीचा. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने लांब सरळ खाचा असतील तर तो रिब. आडव्या, खोल, जाड ठोकळ्यांची नक्षी असेल तर लग. रिब सरळ आणि हलका धावतो, स्टिअरिंगला नीट साथ देतो, म्हणून तो पुढच्या दोन चाकांना. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्या मागच्या धुरीला लग, कारण चिखलात आणि चढावर तोच जमीन पकडतो. दोन्हींच्या मधला सेमी-लगही मिळतो. ‘पुढे रिब, मागे लग’ हे सूत्र नव्या क्लीनरलाही पहिल्या महिन्यातच पाठ होते. सपाट महामार्गावरच धावणारे बरेच मालक मात्र आता चारी बाजूंना रिबच घालतात. लगमध्ये रबर जास्त असले, तरी लांबच्या वेगवान प्रवासात तो जास्त तापतो.

नवा टायर कुठे बसवायचा हेही ठरलेले असते. ट्रकला नवी जोडी पुढे. पुढचा टायर फुटला तर गाडी हातात राहत नाही. मागे जोडीत दोन टायर असल्याने एक गेला तरी दुसरा तात्पुरता भार उचलतो. नक्षी उतरत आली की पुढचे टायर मागे जातात आणि तिथेही ‘गोटा’ झाले की रिमोल्डिंगला. रिमोल्डिंगच्या दोन रीती आहेत. एकीत टायरवर कच्चे रबर चढवून साच्यात गरम करून नक्षी उठवतात. दुसरीत आधीच नक्षी उमटवलेला पट्टा चिकटवून कमी तापमानावर पक्का करतात. दुसरी रीत जुन्या सांगाड्याला कमी त्रास देते. सांगाडा चांगला असेल तर एकाच टायरचे दोनदा रिमोल्डिंग होते. म्हणून जाणता मालक नव्या टायरची किंमत विचारताना त्याचा सांगाडा किती वेळा रबर घेतो, हेही विचारून घेतो. एमआरएफचा पायाही याच व्यवसायात आहे. चेन्नईत १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे करणारी ही कंपनी १९५०च्या दशकात रिमोल्डिंगचे रबर विकून मोठी झाली आणि टायर तिने त्यानंतर बनवायला घेतले.

मग ब्रँड कुठे आला? तो क्लेममध्ये येतो. टायर मुदतीआधी फुगला, त्याचे थर सुटले, तर कंपनीचा माणूस येऊन तपासतो. दोष बनावटीचा ठरला तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात पैसे किंवा नवा टायर मिळतो. हवा कमी असल्याने किंवा जादा भाराने गेला असे ठरले तर हात हलवत परत. ‘कुणाचा क्लेम पास होतो?’ हा प्रश्न ट्रकवाल्यांमध्ये जाहिरातीपेक्षा जास्त वजनदार असतो. त्यानंतर उधारी. दुकानदार तीन महिन्यांच्या हप्त्यांनी टायर देत असेल तर गिऱ्हाईक त्याच्या दुकानातली कंपनी घेते. एमआरएफ, अपोलो, जेके, सिएट ही नावे देशभर इतकी रुजली आहेत, याचे एक कारण त्यांचे विक्रेते लहान गावांपर्यंत पोहोचले आहेत. धामनोदला फुटलेल्या टायरची जोडी सेंधव्यालाही मिळाली पाहिजे, नाहीतर गाडी दोन दिवस उभी.

मालक आणि ड्रायव्हर यांची आवडही एक नसते. मालक एका रुपयात किती किलोमीटर पडतात ते पाहतो. ड्रायव्हरला रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला जॅक लावावा लागू नये, एवढीच इच्छा. त्यामुळे ट्यूबलेस टायर आधी ड्रायव्हरांना आवडले. २९५/८० आर २२.५ अशा आकाराच्या या टायरात खिळा घुसला तरी हवा हळूहळू उतरते. ट्यूबसारखी भसकन जात नाही. शिवाय वीस इंची रिमला जी वेगळी लोखंडी लॉक रिंग असते, ती इथे नाही. हवा भरताना नीट न बसलेली रिंग उडून पंक्चरवाले जखमी होतात, प्रसंगी जिवालाही मुकतात. अडचण एवढीच की ट्यूबलेससाठी रिमही बदलावा लागतो आणि आडवाटेच्या पंक्चरवाल्याकडे त्याचे यंत्र नसते. म्हणून जुन्या गाडीचा मालक हजार-वीसवरच राहतो आणि नवी गाडी मात्र कारखान्यातूनच ट्यूबलेस घेऊन येते.

हे सगळे गणित घाटात पणाला लागते. मानपूरच्या पुढे धार जिल्ह्यातला गणेश घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. इंदूरहून खलघाटकडे उतरणारे जड ट्रक तिथे पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळत. अखेर उतार कमी असलेला सुमारे नऊ किलोमीटरचा नवा रस्ता बांधून २०२४च्या शेवटी वाहतूक तिकडे वळवण्यात आली. घाटात दोष नेहमी ब्रेकला दिला जातो, पण त्याची झळ टायरलाही बसते. सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतो, ती उष्णता रिममध्ये आणि तिथून टायरच्या कडेत जाते. फ्लॅप जळतो, ट्यूब चिकटते, बीड वायरभोवतीचे रबर कडक होते. टायर खाली निमाडात पोहोचल्यावर फुटतो आणि लोक उन्हाला दोष देतात. खालच्या गिअरमध्ये उतरणारा ड्रायव्हर ब्रेक वाचवतो, तसे टायरही वाचवतो.

उन्हाबद्दलचा दुसरा गैरसमज हवेचा. मे महिन्यात टायर तापून हवा वाढते म्हणून काही जण ती मधेच थोडी सोडतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की मोटारीच्या टायरातला दाब एक पीएसआयने वाढतो, हे खरे. पण कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. गरम टायरमधून हवा सोडली की तो पुरेसा फुगत नाही, बाजू जास्त दबते, जास्त घासते आणि आणखी तापते. फुटण्याचा धोका टाळायला केलेली कृती धोकाच वाढवते.

भाराचा आकडाही टायरवरच लिहिलेला असतो, पण तो वाचणारे थोडे. १५२/१४८ असे छापलेले असेल तर तो टायर एकटा असताना ३,५५० किलो आणि जोडीत असताना ३,१५० किलो उचलू शकतो. जोडीत कमी का? कारण दोन टायरांत भार कधीच अगदी सारखा वाटला जात नाही आणि आतल्या टायरला वारा कमी लागतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची भारमर्यादा वाढवली. तीन आसांच्या दहा टायरी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. जे आधी ओव्हरलोड होते त्यातले काही कायदेशीर झाले आणि दुकानात जास्त भारक्षमतेच्या टायरांची मागणी वाढली.

मोटारींचे गिऱ्हाईक वेगळे. त्याला क्लेम आणि सांगाडा यांच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याला आवाज, गुळगुळीत चाल आणि पावसात पकड हवी असते. धार जिल्ह्यातल्या मांडूला पावसाळ्यात इंदूर-देवासकडून गाड्यांची रीघ लागते, तेव्हा घाटाच्या ओल्या वळणांवर या पकडीची किंमत कळते. अडचण अशी की टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी एकत्र साधायच्या असतात: ओल्यात पकड, कमी झीज आणि हलके धावणे. एक वाढवली की दुसरी घटते. कार्बन ब्लॅकच्या जोडीने रबरात सिलिका घालून हा पेच काहीसा सोडवला जातो, पण पूर्ण सुटत नाही. म्हणून टॅक्सीवाला सिएट मायलेझसारखा, जास्त किलोमीटरसाठी विकला जाणारा कडक टायर घेतो, तर घरची गाडी चालवणारा मऊ, शांत टायर पसंत करतो. मायलेझच्या एका आवृत्तीची जाहिरात तर लाख किलोमीटरच्या आकड्यावरच केलेली आहे.

मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, भार ५६० किलोपर्यंत आणि वेग ताशी २१० किलोमीटरपर्यंत. हौसेने रुंद टायर बसवणारे बरेच असतात. गाडी रुबाबदार दिसते, पण इंधन जास्त लागते, स्टिअरिंग जड होते आणि बाहेरचा व्यास बदलला तर वेगमापकही चुकीचा आकडा दाखवतो. आणखी एक चूक ट्रकवाल्यांच्या पाहून केली जाते: दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे बसवले जातात. मोटारीच्या बाबतीत टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे. नवी जोडी मागे. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते साध्या चालकाच्या हातात राहत नाही.

देवासच्या बाजूला, सोयाबीनच्या पट्ट्यात, तिसरे गिऱ्हाईक भेटते ते ट्रॅक्टरवाल्याचे. पुढे रिब आणि मागे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या उंच पट्ट्यांचा मोठा टायर. हे पट्टे काळ्या चिखलात रुततात आणि फिरताना माती बाहेर टाकतात, पण टायर उलटा बसवला तर चिखल आत साठत जातो. मागच्या टायरात पाणी भरायची रीतही इथे सर्रास दिसते. त्याच्या वजनाने नांगरताना चाक घसरत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरचा ५ टक्क्यांवर आला. किंमत उतरली की जुना साठा खपवण्याची घाईही होते. त्यासाठी टायरच्या बाजूवर चौकटीत छापलेले चार आकडे पाहावेत. २३२४ असेल तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आयएसआयची खूण तर असायलाच हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या चाचण्याही सक्तीच्या झाल्या आहेत. नव्या आराखड्यांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्यांना एप्रिल २०२३ पासून. ऊर्जा दक्षता ब्युरोने फ्रिज आणि पंख्यांप्रमाणे टायरांनाही तारे देणे सुरू केले आहे, पण ती योजना अजून ऐच्छिक आहे. टायर कधी बदलायचा, हे मात्र नियमाने ठरलेले आहे. चारचाकीची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की तो टायर कायद्याने बाद. ही खोली दाखवणाऱ्या छोट्या उंचवट्यांच्या खुणा प्रत्येक टायरच्या खाचांत असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की पुढच्या फेरीआधी दुकान गाठावे लागते.